७ किलो, ११५ सेंटीमीटर: विमानात हातात नेमकी किती बॅग चालते?

सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचं विमान उडालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचीही सेवा सुरू झाली. त्याआधी सोलापूरकराला विमान पकडायचं म्हणजे पहाटे उठून पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागायचं. आता विमान दारात आलं, त्यामुळे पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसं भरपूर आहेत. गोव्याला निघालेलं नवं जोडपं आहे, मुंबईला मुलाकडे निघालेले आजी-आजोबा आहेत, चाटी गल्लीतला व्यापारी आहे. आणि या सगळ्यांना तिकीट काढल्यावर पडणारा पहिला प्रश्न एकच असतो: हातात काय-काय नेऊ देतात?

आपल्याला सवय रेल्वेची. सिद्धेश्वर असो, हुतात्मा असो, जेवढं उचलेल तेवढं घेऊन चढायचं, सीटखाली सारायचं, उरलेलं वरच्या बर्थवर. खरं तर सामानाची मर्यादा रेल्वेलाही आहे, स्लीपरला माणशी ४० किलो. पण गाडीत कुणी काटा घेऊन फिरत नाही. विमानतळावर मात्र काटाही असतो आणि बॅग आत बसते का ते बघायचा मापाचा सांगाडाही. तिथे अडकलेल्या माणसाला सगळ्यांदेखत बॅग उघडून कपडे बाहेर काढावे लागतात. पहिल्याच प्रवासात असं झालं की माणूस खट्टू होतो आणि पुढे कितीतरी दिवस तेवढंच आठवतो. हे टळू शकतं. त्यासाठी एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झालं: बॅगेचा नियम एकाने केलेला नाही. किती बॅगा न्यायच्या, हे सुरक्षा यंत्रणा ठरवते. बॅग केवढी आणि किती जड असावी, हे विमानाच्या बांधणीवरून ठरतं. आणि जास्तीच्या सामानाला किती पैसे, हे विमान कंपनी ठरवते. आपल्याला कोण अडवतंय हे ओळखलं, की तिथे विनंती चालेल, पैसे भरावे लागतील की निमूट ऐकावं लागेल, हे लगेच कळतं.

आधी तीन शब्द

जी बॅग आपण स्वतःजवळ ठेवून विमानात बसतो, ती केबिन बॅग. जी काउंटरवर देऊन टाकतो आणि उतरल्यावर पट्ट्यावरून परत घेतो, ती चेक-इन बॅग. बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची बॅग अशी जी लहान वस्तू पुढच्या सीटखाली मावते, तिला कंपन्या पर्सनल आयटम म्हणतात. या लेखात तिला छोटी बॅग म्हणू. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे चेक-इनला १५ किलो, केबिनला ७ किलो असा हिशोब असतो. छोट्या बॅगेचं काही कंपन्या वेगळं माप देतात, काही तिला ७ किलोतच धरतात. हे तिकिटावर लिहिलेलं असतं आणि एका कंपनीचं दुसरीला लागू पडत नाही.

एकच बॅग, हे कुणी ठरवलं?

१० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो उभा राहिला. सुरुवातीला तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, एक कक्ष होता. १९८५ साली एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटात पडल्यानंतर, १९८७ मध्ये, त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. विमानात काय न्यायचं आणि काय नाही, यावर आपल्याकडे शेवटचा शब्द या ब्युरोचा. प्रवाशाला हातात एकच बॅग, हा नियम त्यांच्या २००० सालच्या परिपत्रकांपासून आहे. अधूनमधून बातम्यांत ‘नवा नियम’ म्हणून जो झळकतो, तो बहुतेक वेळा हाच असतो, नव्याने बजावलेला.

कारण साधं आहे. केबिनमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू एक्स-रे यंत्रातून जाते आणि पडद्यापुढे बसलेला माणूस ती डोळ्यांनी पाहतो. माणशी तीन पिशव्या झाल्या की रांग लांबते आणि घाई झाली की नजर चुकते. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला प्रत्येक बॅगेसाठी जेमतेम काही सेकंद मिळतात. म्हणून तिथे ‘एवढी एक पिशवी जाऊ द्या की’ म्हणून उपयोग नसतो. त्याला ती मुभाच नाही.

मात्र याच नियमासोबत सवलतीच्या वस्तूंची एक यादी आहे आणि ती फारच थोड्या लोकांना माहीत असते. एका बॅगेशिवाय बायकांची पर्स, अंगावरचा कोट किंवा शाल, एक पांघरूण किंवा ब्लँकेट, कॅमेरा किंवा दुर्बीण, वाचायला बेताची पुस्तकं, छत्री किंवा काठी, तान्ह्या बाळाचं वाटेतलं खाणं आणि त्याची टोपली, गरजूंसाठी घडीची व्हीलचेअर किंवा कुबड्या, लॅपटॉप आणि ड्यूटी फ्री दुकानातली खरेदी, एवढं त्या यादीत आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांची काठी कुणी ‘दुसरी वस्तू’ म्हणून मोजू लागलं, तर यादीचं नाव घेऊन शांतपणे सांगायला हरकत नाही.

आता यादीत पांघरूण आहे म्हटल्यावर सोलापूरकराच्या डोक्यात काय येणार, ते उघड आहे. आपली चादर! थंडी वाजते म्हणून एक चादर घडी करून खांद्यावर टाकली, तर ती पांघरुणात बसते. पण दुकानातून बांधून आणलेला चार चादरींचा गठ्ठा हे पांघरूण नव्हे, ती दुसरी बॅग झाली. डबलची जाड चादर एकटीच किलोच्या वर भरते. पाहुण्यांसाठी न्यायच्या चादरी आणि टॉवेल चेक-इनमध्येच टाका. कपडाच तो, फुटत नाही, सांडत नाही. चेक-इनसाठी याहून चांगली वस्तू नाही.

११५ चा हिशोब

बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटीमीटरच्या आत हवी, हे माप आपल्याकडे सर्रास चालतं. घोळ इथेच होतो. काही कंपन्या ५५ बाय ३५ बाय २५ लिहितात, काही ५५ बाय ४० बाय २०. दोन्हींची बेरीज ११५ च आहे, पण आकार वेगळे. आणि ६५ बाय ३० बाय २० या बॅगेची बेरीजही ११५ येते, तरी ती सांगाड्यात उतरणार नाही, कारण लांबी ५५ च्या वर गेली. म्हणून नुसती बेरीज करून थांबू नका. तिन्ही बाजू वेगवेगळ्या बघा आणि त्यातही लांबी आधी.

नवी पेठेत बॅग घ्यायला गेलं की दुकानदार इंचात बोलतो: वीस इंची, बावीस इंची, चोवीस इंची. वीस इंच म्हणजे ५१ सेंटीमीटरला जरा कमी, म्हणजे ५५ मध्ये सहज बसायला हवी. पण बऱ्याच बॅगांवरचा हा आकडा नुसत्या खोक्याचा असतो. खाली चाकं असतात आणि वर मुठीचा उंचवटा, दोन्ही मिळून तीन-चार सेंटीमीटर वाढतात. वीस इंची बॅग ५५ ला टेकते ती अशी. बावीस इंची बॅगेचं नुसतं खोकंच ५६ च्या जवळ जातं, त्यात चाकं धरली की ती गेलीच बाहेर, मग आत लावलेल्या चिठ्ठीवर ‘केबिन साइज’ लिहिलेलं असो वा नसो.

बॅग घरी भरल्यावर मापा, रिकामी असताना नव्हे. शिवणकामाची टेप घ्या. बॅग भिंतीला टेकवून उभी करा आणि जमिनीपासून मुठीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मग जाडी बघा. पुढच्या कप्प्यात चार्जर, चपला, मफलर कोंबलेलं असतं आणि २० ची जाडी २७ वर गेलेली असते. सांगाड्याला काही ही फुगवटी दाबून घेता येत नाही. कापडी बॅगेचा फायदा असा की वरचे कप्पे रिकामे केले की ती दबते. कडक प्लास्टिकची बॅग मात्र आहे तेवढीच राहते.

काउंटरवर हा संवाद नेहमी ऐकू येतो.

“काका, बॅग जरा या सांगाड्यात ठेवून बघता का?”

“अहो, दुकानदारानं केबिनची म्हणूनच दिलीय की.”

“हो काका, पण चाकं बाहेर राहताहेत ना.”

काकांचंही चुकलेलं नसतं, त्या मुलीचंही नाही. दुकानदाराची चिठ्ठी विमान कंपनीला बांधील नाही, एवढाच याचा अर्थ.

वजन ७ किलोच का?

चाकांची रिकामी बॅगच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सामानाला उरले चार. साधी पाठीवरची सॅक किलोच्या आत असते, तिच्यात सहा किलो माल जातो. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला सॅकच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांची पाठ दुखते त्यांनी अर्थातच चाकांची घ्यावी.

मर्यादेमागे दोन कारणं आहेत. पहिलं डोक्यावरचं. वरचा कप्पा ठराविक भार पेलण्यासाठी बनवलेला असतो आणि किती, ते आत लिहिलेलंही असतं. हवेत हादरे बसताना किंवा कुणी झाकण उघडताना जड बॅग निसटली, तर ती खाली बसलेल्याच्या डोक्यावर येते. शिवाय ती बॅग उचलून वर ठेवायची असते आपणच. जी आपल्याला डोक्यावर नेता येत नाही ती केबिनची नव्हे, हे घरातल्या ज्येष्ठांसाठी कुठल्याही आकड्यापेक्षा उपयोगी माप आहे.

दुसरं कारण विमानाच्या एकूण वजनाचं. वैमानिकाला उड्डाणाआधी विमान किती जड आहे आणि तो भार पुढे-मागे कसा पसरलाय, हे माहीत असावं लागतं. चेक-इन बॅगा काट्यावर जातात, त्यांचं वजन नोंदलं जातं. प्रवाशांना मात्र कुणी काट्यावर उभं करत नाही. तिथे ठरवून दिलेली सरासरी धरतात आणि त्या सरासरीत हातातली बॅगही असते. सगळ्यांनीच सातच्या जागी बारा किलो नेले, तर ७० प्रवाशांच्या विमानात ३५० किलो नोंदीबाहेरचं वजन चढतं.

सोलापुरात या हिशोबाला जास्त महत्त्व आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही उतरते. गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच, तेही हवा विरळ करण्यात भर घालतं. होटगी रोडची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळ. एवढ्या धावेत, अशा हवेत, विमानाला ठराविक वजनच घेऊन उठता येतं. ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी काउंटरवरची माणसं बॅगांबाबत काटेकोर झाली, तर त्यामागे हेही असू शकतं.

‘मग शंभर किलोच्या माणसाचं काय?’

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. माझं वजन ५०, शेजाऱ्याचं १००, मग मला दोन किलो जास्त का नाही? उत्तर असं, की माणसांची वजनं सरासरीत एकमेकांना सांभाळून घेतात. लहान मुलं, किडकिडीत तरुण, भरदार काका सगळे मिळून हिशोब जवळपास बरोबर येतो. शिवाय १०० किलोचा माणूस सीटवर पट्टा लावून बसलेला असतो, कुणाच्या डोक्यावर पडत नाही. बॅगेची मर्यादा मुख्यतः त्या कप्प्याची आहे. आणि माणसाच्या देहावर भाडं लावणं अपमानास्पद होईल, ही गोष्ट तर आहेच.

वरची जागा सगळ्यांची

जुन्या विमानांत डोक्यावर फक्त उघडी फळी असायची, टोपी आणि कोट ठेवण्यापुरती. झाकणाचे कप्पे रूढ झाले ते १९७० च्या दशकात, जम्बो जेटबरोबर. तेव्हापासून कप्पे वाढत गेले, आणि बॅगा त्याहून वाढल्या. बोइंगने आपल्या ७३७ विमानांसाठी नवे खोल कप्पे काढले. त्यांत बॅगा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, म्हणून एका कप्प्यात चारच्या जागी सहा मावतात. तरीही पुष्कळ विमानांत प्रत्येक प्रवाशाने पूर्ण मापाची ट्रॉली आणली तर सगळ्या वर बसत नाहीत.

आपल्या शहराला हे समजावून सांगायला नकोच. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा बोळातल्या एकाने मोटर लावली की पुढच्या घरांची धार बारीक होते. पाणी सगळ्यांचं असतं, पण आधी ओढणाऱ्याचं भरतं. वरच्या कप्प्याचंही तसंच आहे. आधी चढलेल्याने मोठी बॅग, जाकीट आणि मिठाईचा बॉक्स असं सगळं वर पसरलं, की शेवटी चढणाऱ्या आजींची नियमातली, मापातली बॅगसुद्धा खाली सामानात जाते. छोटी बॅग पुढच्या सीटखाली ठेवायला सांगतात ते यासाठी.

लहान विमानात वेगळं काय?

गोव्याच्या सेवेसाठी आलेलं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान आहे. पूर्ण भरल्यावर त्याचं वजन जास्तीत जास्त २३,००० किलो असू शकतं. प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामानाचा दरवाजा पुढे असतो. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा सीटा आणि वरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान. मुंबईच्या सेवेचं एम्ब्रेअर १७५ हे जेट आहे. ते ७६ सीटांचं, तेही दोन-दोनच्या रांगांचं, मधली सीट नसलेलं.

अशा विमानांत ट्रॉली मापात असूनही कधीकधी शिडीपाशी काढून घेतात. तिला टॅग लावतात, टॅगचा अर्धा तुकडा आपल्या हातात देतात आणि बॅग खालच्या सामानात जाते. उतरल्यावर ती शिडीपाशी मिळते किंवा पट्ट्यावर. कुठे मिळणार, ते तिथेच विचारून घ्या. मापातली बॅग केवळ जागा नाही म्हणून घेतली, तर सहसा पैसे लागत नाहीत. त्यामुळे यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण बॅग देण्याआधी एक मिनिट मागून घ्या आणि आतून पाच गोष्टी काढा: पॉवर बँक, रोजच्या गोळ्या, दागिने आणि रोकड, कागदपत्रं, घराच्या किल्ल्या. या पाच वस्तू आधीपासूनच एका कापडी पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवल्या, तर शिडीपाशी उभं राहून शोधाशोध करावी लागत नाही. यातली पॉवर बँक सगळ्यात महत्त्वाची.

पॉवर बँक हातातच का?

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक यांत लिथियमची बॅटरी असते. ती आतून बिघडली तर स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. पोटातल्या सामानात पेटली तर तिथे कुणाचा हात पोचत नाही. म्हणून सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये अजिबात चालत नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग वरच्या कप्प्यात सुरू झाली होती. सगळे १७६ जण वाचले. पॉवर बँकेतल्या बिघाडातून ती लागली असावी, असा तपासाचा अंतरिम निष्कर्ष होता. त्यानंतर जगभर नियम आवळले गेले. भारतातही आता उड्डाणादरम्यान पॉवर बँकेने मोबाइल चार्ज करायला मनाई आहे आणि ती वरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवायची असते.

मर्यादा वॉट-तासांत आहे: १०० पर्यंत बिनबोभाट, १०० ते १६० कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे नाही. आपल्या पॉवर बँकेवर मात्र मिलिअँपिअर-तास (mAh) लिहिलेले असतात. हिशोब सोपा आहे. त्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, ती चालते. ३०,००० ची १११ होते, तिला परवानगी लागेल. ज्यावरचे आकडे पुसले गेलेत ती घरीच ठेवा. तपासणाऱ्याला आकडा दिसला नाही तर तो ती काढून घेऊ शकतो.

शेंगाचटणी, लोणचं आणि प्रसादाचा नारळ

मिरचीची पूड डोळ्यांत फेकता येते, म्हणून मसाले आणि तिखट केबिनमध्ये अडवतात. मिरचीचं लोणचंही त्यातच. आपल्या शेंगाचटणीचं तिखट असं डोळ्यांत फेकण्याजोगं सुटं नसतं, पण एक्स-रेवर दिसणारी लालसर पूड काय आहे, हे ठरवण्याचा अधिकार समोरच्या जवानाचा आहे. पाव किलो चटणीसाठी कशाला जोखीम घ्यायची? दुहेरी पिशवीत बांधून चेक-इनमध्ये टाका. कडक भाकरी मात्र खुशाल हातात न्या. फक्त चुरा होऊ नये म्हणून डब्यात ठेवा.

सुकं खोबरं हातातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्यात तेल इतकं असतं की साठ्यात ते आपोआप तापू शकतं आणि आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. अख्खा नारळही केबिनमध्ये अडवतात. शबरीमलाच्या भक्तांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातात नेता यावा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्युरोला खास, आणि तीही मुदतीची, सवलत द्यावी लागली होती. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून आलेल्या पाहुण्यांना परतीचं विमान असेल, तर प्रसादाचा नारळ इथेच फोडून वाटायला सांगा. साखरफुटाणे आणि बुक्का न्या म्हणावं, बुक्का चेक-इनमध्ये.

पुढे परदेशी जाणाऱ्यांना पातळ पदार्थांचा नियम लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा. बाटली १०० मिलिलिटरची किंवा लहान हवी आणि सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २०० च्या बाटलीत तळाशी जरासं तेल उरलं असलं तरी ती चालत नाही, कारण बाटलीचा आकार बघतात. टूथपेस्ट, दही, तूपही पातळातच धरतात. आणि सोलापूर-मुंबई एका कंपनीचं, पुढचं दुबईचं दुसऱ्या कंपनीचं असं वेगवेगळं तिकीट असेल, तर दोन्हींतला जो नियम कडक त्याच मापाने बॅग भरा.

‘हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत’

काही अंशी हो, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २००८ मध्ये पहिल्या चेक-इन बॅगेलाही पैसे लावायला सुरुवात केली. साहजिकच लोक सामान हातात घेऊन चढू लागले, कप्पे कमी पडू लागले आणि मग हातातल्या बॅगेवरही करडी नजर आली. ही गर्दी अशी कंपन्यांच्याच धोरणातून वाढलेली आहे. युरोपात हा वाद कोर्टापर्यंत गेला. बेताच्या मापाची हातातली बॅग ही प्रवासाची गरजच आहे, तिला वेगळं भाडं लावता येत नाही, अशी भूमिका युरोपीय न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात मांडली. तरी कंपन्या तिथे छोटी बॅग फुकट आणि ट्रॉलीला पैसे घेत राहिल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड केला.

आपल्याकडे डीजीसीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये चेक-इन बॅग नसणाऱ्यांना स्वस्त तिकीट द्यायची मुभा कंपन्यांना दिली. हलक्या हाताने फिरणाऱ्याला ते फायद्याचं आहे. पण आई-वडिलांचं तिकीट मुलगा पुण्याहून मोबाइलवर काढतो, सगळ्यात स्वस्त दिसलं ते निवडतो आणि विमानतळावर कळतं की या तिकिटात चेक-इन बॅगच नाही. तिथे ऐन वेळी लागणारा दर आधी ऑनलाइन भरण्यापेक्षा जास्त असतो. स्वस्त तिकिटावर सामानाची अट ठळक अक्षरांत आणि प्रवाशाच्या भाषेत लिहिणं कंपन्यांना सक्तीचं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तोवर तिकीट काढून देणाऱ्या मुलांनीच घरच्यांना फोन करून, तिकिटात चेक-इन बॅग आहे की नाही, एवढं एक वाक्य सांगावं.

संकटात बॅगेला हात नाही

विमान मंजूर होताना, निम्मी दारं बंद ठेवूनही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावं लागतं. त्या चाचणीत कुणी वरची ट्रॉली काढत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून गेलेलं विमान दुबईत उतरताना आपटलं आणि पेटलं. आतल्या चित्रफितीत धूर पसरत असताना लोक कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात. ३०० जण वाचले, पण आग विझवताना एका जवानाचा जीव गेला. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. त्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. प्रवाशांनी बॅगा जागच्या जागी सोडल्या होत्या, याचं तेव्हा जगभर कौतुक झालं. पासपोर्ट आणि औषधं अंगावरच्या खिशात किंवा गळ्यातल्या लहान पाकिटात असली, की बॅग सोडायला जीव कचरत नाही.

बॅग तुटली, हरवली तर

हातातल्या बॅगेची जबाबदारी आपली. कंपनीच्या चुकीने नुकसान झालं, तरच ती कंपनीवर जाते. चेक-इन बॅगेची जबाबदारी कंपनीची. शिडीपाशी घेतलेली बॅगही टॅग लागल्या क्षणापासून कंपनीच्या ताब्यात जाते, म्हणून तो कागदाचा तुकडा बॅग मिळून तपासून होईपर्यंत टाकू नका. देशांतर्गत प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे. आतल्या सोन्याची किंवा रोकडीची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींतच नाकारतात.

बॅग फुटलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्या आणि फोटो काढा. लेखी तक्रारीची मुदत नुकसानीसाठी ७ दिवस, उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ती हाती आल्यापासून २१ दिवस. कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर तक्रार टाकता येते. तिथे बोर्डिंग पास, टॅग आणि ती लेखी नोंद जोडा.